चार घासांचं गिऱ्हाईक

मालवणात मासे कुठे खावेत हे सांगणारे ढीगभर लोक आहेत. ते सगळे भरपूर खाणारे. मी एका जेवणाला जेमतेम पाऊण वाटी खाते, तेही चाळीस मिनिटं लावून. तेव्हा "पोट फुटेस्तोवर जेवलो" असलं काही इथे मिळणार नाही, आधीच सांगते.

खानावळीला नाव नाही. पत्र्याच्या पाटीवर लाल रंगात 'घरगुती जेवण मिळेल' आणि खाली खडूने त्या दिवसाचे मासे. बाजारातून बंदराकडे उतरताना कोणालाही विचारा, काकीची खानावळ म्हटलं की दाखवतील. पाच टेबलं, मंगलोरी कौलं, मागच्या दारी विहीर आणि दोन माड. मी कुडाळहून रोज एसटीने येते, पोस्टात काउंटरला बसते आणि आठवड्यातून तीनदा तरी दुपारी इथे जेवते.

दोन वर्षांपूर्वी माझं वजन ११८ किलो होतं. साखर होती, गुडघे गेले होते, रात्री झोपेत श्वास अडायचा. मुंबईला जाऊन स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी करून घेतली. यात जठराचा सुमारे ८० टक्के भाग कापून काढतात आणि उरते ती एक नळी. डॉक्टर म्हणाले, "केळ्याएवढी." मला पहिला प्रश्न पडला तो वेलची केळं की राजेळी. विचारला नाही. आता वजन ७६ आहे, साखरेच्या गोळ्या बंद आहेत, आणि भुकेचं जे हार्मोन जठराच्या वरच्या भागात तयार होतं, घ्रेलिन, त्याचा मोठा कारखानाच काढून टाकल्यामुळे पहिले आठ-दहा महिने भूक म्हणजे काय हेच मी विसरले होते.

भूक विसरले, पण खाण्याची आठवण जात नव्हती. याबद्दल ऑपरेशनच्या आधी मला कोणी नीट सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि माझ्या कानात शिरलं नसेल. घरात कोणी रागावलं की मी खायचे, आनंद झाला की खायचे, दुपारी कंटाळा आला की टेबलाच्या ड्रॉवरमधलं गुळाच्या पाकातलं खाजं काढायचे. एका दिवसात ते सगळं बंद. तिसऱ्या महिन्यात केस गळायला लागले (वजन झपाट्याने उतरलं की गळतात, पुढे येतात, आले) आणि त्याच सुमारास आईने माझ्यासाठी म्हणून केलेले कोंबडी-वडे बघून मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. आईला वाटलं तिखट लागलं.

आईचंच सांगायचं तर, हॉस्पिटलच्या कागदावर पहिल्या आठवड्यांसाठी क्लियर सूप, प्रोटीन शेक असलं काय काय होतं. आईने कागद वाचून बाजूला ठेवला. "ह्येका आमी कुळथाची पिठी म्हणतंव," म्हणाली. आहारतज्ज्ञ बाईंना फोन केला, त्यांनी दोन आठवड्यांनंतर पातळ, बिनतिखटाची पिठी चालेल म्हणून सांगितलं. त्याआधी उकड्या तांदळाच्या पेजेचं गाळलेलं पाणी, मीठ घालून, औषधाच्या कपातून घोटघोट. कोकणात आजाऱ्याला जे देतात तेच.

बाहेर जेवणं मात्र मी बंदच केलं होतं. एकदा मुंबई-गोवा हायवेवरच्या एका अनलिमिटेड थाळीवाल्याकडे नवऱ्याबरोबर गेले. भिंतीवर मोठ्या अक्षरांत: थाळी शेअर केल्यास दुसऱ्या थाळीचे पैसे पडतील. माझ्या डॉक्टरांनी एक कार्ड दिलेलं आहे, 'या व्यक्तीची जठराची शस्त्रक्रिया झाली आहे, कृपया अर्धा भाग द्यावा' अशा मजकुराचं. मी ते वेटरला दिलं. एसटी स्टँडवर मदतीसाठी छापील कार्डं मांडीवर ठेवत फिरतात ना, त्याला ते तसलं वाटलं. न वाचताच परत दिलं आणि म्हणाला, "मालक नाहीत." आम्ही दोन थाळ्यांचे पैसे दिले. माझ्या ताटातलं सगळं नवऱ्याने खाल्लं. तो दोन वर्षं माझ्या ताटातलं उरलेलं खातोय. सहा किलो वाढलाय.

काकीकडे पहिल्यांदा गेले ती नाइलाजाने, डबा एसटीत राहिला म्हणून. बांगडा थाळी मागवली. भरलेलं ताट समोर आलं: तिखलं, तळलेली तुकडी, भात, दोन चपात्या, भाजी, सोलकढी. लाज वाटून मी भराभर खायला लागले. चौथा की पाचवा घास छातीच्या हाडामागे अडकला. ज्यांचं हे ऑपरेशन झालंय त्यांना कळेल, तोंडाला फेसासारखी लाळ सुटते, घास वरही येत नाही नि खालीही जात नाही. मी मागच्या दाराने धावले आणि माडाच्या अळ्यात सगळं गेलं. काकी तांब्या घेऊन मागे उभी. पाठीवर हात फिरवून हळूच विचारते, "गो बाय, दिवस गेले काय तुका?"

मी ४३ वर्षांची. हसावं की रडावं कळेना. शेवटी विहिरीच्या कठड्याला टेकून तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे चांगला पोट कापून घेतलंस? नि वर पैशे दिलंस?"

पण त्यानंतर जे म्हणाली ते मला आजवर ना आईने म्हटलं होतं, ना सासूने, ना लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्या कोणी. "जाता तेवढाच जेव. रवला तर रवांदे. हंय कोण मोजूक बसूक नाय."

ताटात टाकलेलं चालेल असं आपल्याकडे कोण म्हणतं? 'वायच घे गो' ऐकत आपण लहानाचे मोठे होतो. पानात भाताचं शीत राहिलं तरी बोलणी बसतात. माझं निम्मं वजन त्या आग्रहाचं होतं असं मी म्हणणार नाही, निम्मं माझ्या ड्रॉवरचं होतं. पण उरलेल्याचा अपराधीपणा ऑपरेशनमध्ये कापून निघत नाही.

आता जेवणाबद्दल. बांगड्याचं तिखलं हा इथला सगळ्यात भरवशाचा पदार्थ. जाडसर वाटप, आगळ (कोकमाचा आंबट रस) पुरेसं, आणि तिरफळं ठेचून घातलेली, त्यामुळे तो विशिष्ट झिणझिणीत वास येतो. मासा रसात मुरलेला असतो म्हणून मऊ असतो, माझ्या नळीतून विनातक्रार जातो. इसवणीची, म्हणजे सुरमईची, तळलेली तुकडी इतरांना आवडते, रव्याचं कवच खुसखुशीत असतं, पण आतून किंचित कोरडी होते आणि कोरडं काहीही मला अडकतं. तारले आणि पेडवे असतील त्या दिवशी जरूर जा. मला काटे आवडायला लागलेत. काटे काढत बसलं की आपोआप सावकाश जेवलं जातं, घास बारीक होतो. आहारतज्ज्ञ बाई 'प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावा' म्हणून थकल्या, ते काम पेडव्याने केलं.

तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आठवड्यातून एखाद्या वेळी असतं. तिसऱ्यांत बी-१२ आणि लोह भरपूर. जठराचा जो भाग बी-१२ शोषायला मदत करतो तोच माझ्याकडे थोडा उरलाय, म्हणून मी तिसऱ्या दिसल्या की सोडत नाही. (गोळ्याही चुकवत नाही. तिसऱ्या खाल्ल्या म्हणून गोळी सोडणारी एक बाई मला माहीत आहे, तिच्या हातापायाला मुंग्या यायला लागल्या.) वाळूचा कण मात्र एकदा लागला होता, हे नोंदवून ठेवते.

सोमवारी मासे नसतात. काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या. उसळ अप्रतिम, पण माझं पोट संध्याकाळपर्यंत ढोल होतं, तेव्हा सोमवारी मी डबा आणते. पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा सुका जवळा आणि खारे बांगडे. जवळ्याची कांदा घालून केलेली चटणी दोन चमचे पुरते. खारा बांगडा फारच खारट, काकीला दोनदा सांगितलं, ती म्हणते तो तसोच असता.

माझा जेवायचा क्रम बघून सुरुवातीला आजूबाजूची टेबलं थांबायची. आधी मासा, नुसता. मग भाजी. जागा उरलीच तर दोन घास भात. दिवसाला ६० ग्रॅम तरी प्रथिनं पोटात जायला हवीत, आणि भाताने आधी जागा अडवली तर ती जाणार कुठून? एका आजोबांनी न राहवून विचारलं, "मांजरासारखे नुसते माशे काय खातंस?" काकीने आतून उत्तर दिलं, "तिका डाक्टरान सांगल्यान हा." तेवढ्यावर विषय मिटला. गावात डॉक्टरच्या नावापुढे कोणाचं चालत नाही.

सोलकढी ही खरी अडचण. जेवताना आणि नंतर अर्धा तास काही प्यायचं नाही, नाहीतर अन्न पुढे ढकललं जातं आणि तासाभरात परत खाखा सुटते. सोलकढीशिवाय मासे म्हणजे काय ते मालवणीच माणसाला सांगायला नको. काकी आता ती छोट्या बाटलीत भरून देते. मी तीन वाजता काउंटरला पिते. तोवर नारळाचा रस नि पाणी वेगळं झालेलं असतं, हलवून घेतलं की झालं. लसूण किंचित जास्त असते. खिडकीपलीकडच्या पेन्शनवाल्या आजींनाही वास जातो, त्या काही बोलत नाहीत.

बोलतात ते दुसरंच. वजन उतरलं तेव्हा काउंटरवर रोज एक तरी जण विचारायचा, "काय गो, साखर बिखर झाली काय तुका?" कोणी टीबी, कोणी त्याहून वाईट. गावात बारीक होणं म्हणजे आजारी पडणं. ११८ किलोची असताना मला कोणी तब्येत विचारली नाही, सगळे 'बाळसेदार' म्हणायचे. एसटीत मात्र माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहायची. आता ती पहिल्यांदा भरते, आणि मला अजून त्याची सवय नाही, कोणी बसलं की मी खिडकीला चिकटते. दंडाची कातडी लोंबते, मे महिन्यात घडीत घामोळं येतं, पावडर लावून ऑफिसला जाते. शरीर उतरलं तरी डोक्यातली बाई अजून तेवढीच रुंद आहे.

हे मला कळलं तेही इथेच. काकीच्या खानावळीत मधलं टेबल आणि भिंत यांच्यामध्ये अरुंद बोळ आहे. मी नेहमी अंग चोरून, आडवी होऊन जायचे. खुर्ची प्लॅस्टिकची, म्हणून बसण्याआधी दोन्ही हात दाबून बघायची. वर्षभर हेच चाललं असणार. एकदा काकी हातात भाताचं भांडं घेऊन समोरून आली, मी भिंतीला लागले. ती थांबली. "कुर्लेसारखी आडवी काय चलतंस गो? सरळ ये." मी सरळ गेले. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली. जाऊन खुर्चीत बसले, आणि बांगडा यायच्या आधी दोन मिनिटं नुसती टेबलाकडे बघत राहिले.

तक्रारी आहेत. हात धुवायच्या ठिकाणी साबण असेलच असं नाही. पंखा एकच, तो दाराजवळच्या टेबलावर. आणि डिसेंबर ते मे पर्यटक असतात तेव्हा मला इथे बसणं जड जातं. एवढंसं खाऊन चाळीस मिनिटं टेबल अडवणारं गिऱ्हाईक कोणाला परवडेल? काकी काही म्हणत नाही, पण तिचा मुलगा दारात ताटकळणाऱ्या लोकांकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो. त्याचं चुकतंय असंही नाही. पण त्या घाईत मी एकदा परत माडाकडे धावलेय. सीझनमध्ये मी आता साडेबाराला ऑफिसातून सटकते, सहकारी खिडकी सांभाळतो, त्याला मी खाजं आणून देते. खाजं माझ्याच पैशाचं, माझ्यासमोर तोच खातो. मासा अडकतो पण खाजं कधी अडकत नाही, विरघळून सरळ खाली जातं, हीच त्यातली मेख. चार तुकडे खाल्ले तर छाती धडधडते, घाम फुटतो, आडवं पडावं लागतं. एकदा आंगणेवाडीच्या जत्रेत हा अनुभव घेऊन झालाय.

पैशांचं. बांगडा थाळी १८० रुपये. मला काकी दोन बांगडे तिखल्यातले, भाजीची अर्धी वाटी आणि चमचाभर भात बशीत देते. ८० घेते. मी १०० ठेवते, ती २० परत सरकवते, मी ते पाण्याच्या तांब्याखाली ठेवून निघते. एक विटकी वीसची नोट गेले कित्येक महिने आमच्यात फिरतेय असा मला संशय आहे.

परवा नवीन पोरगा वाढायला होता. त्याने माझ्यापुढे भरगच्च ताट आणून ठेवलं, वर दोन वडे. काही म्हणायच्या आत काकी चुलीपुढून ओरडली, "त्या ताट थंय नको रे, तिची बशी वेगळी." सगळ्या खानावळीने वळून बघितलं. वर्षापूर्वी मी अशी नजर सहन न होऊन उठून गेले असते. मी बशी येईपर्यंत बसून राहिले, आणि त्या पोराला सांगून एक वडा ठेवून घेतला. चतुर्थांश खाल्ला. उरलेला ताटात तसाच ठेवला.

अडीचच्या आत जा, नंतर बांगडा संपतो. फोनवरून पैसे देता येतात पण कौलाखाली रेंज येत नाही, सुट्टे घेऊन जा.