डीसी क्लॅम्प मीटर: पावसाळा ते उन्हाळा वापरून झाल्यावर

गाडी सकाळी सेल्फ घेईना की सल्ला ठरलेला असतो, "बॅटरी गेली, बदलून टाका." आमच्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये ३५ अँपिअर-अवरची बॅटरी आहे, तीही फार जुनी नाही. एक दिवसाआड ती उतरायला लागली तेव्हा, न मोजता नवी घालायची नाही असं ठरवून मागच्या पावसाळ्यात डीसी क्लॅम्प मीटर घेतला, म्हणजे वायर न सोडता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर. आता उन्हाळाही सरत आलाय. बॅटरी तीच आहे, आणि हा मीटर माझ्या डिकीतली सगळ्यात कामाची वस्तू झालाय.

घेताना मात्र नीट बघून घ्या. दुकानात नुसता "क्लॅम्प मीटर" मागितला तर बहुतेक वेळा घरच्या वायरिंगचा हातात पडतो. तो फक्त एसी करंट मोजतो, गाडीत त्याचा उपयोग शून्य. गाडीतला करंट डीसी असतो आणि तो वायरीवरून मोजायला जबड्यात हॉल सेन्सर, म्हणजे वायरीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर लागतो. डायलवर अँपिअरच्या खुणेशेजारी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ हवी, ‘झीरो’चं बटण हवं आणि सगळ्यात बारीक आकडा निदान १० मिलिअँपिअरचा दिसायला हवा. मला तीन हजारांच्या आत मिळाला.

माझं खरं काम होतं ते बंद गाडी बॅटरी कुठे खातेय हे शोधायचं. साध्या मल्टिमीटरने हे करायचं तर निगेटिव्हची केबल सोडून मीटर मध्ये जोडावा लागतो. त्यात घड्याळ आणि स्टिरिओचं सेटिंग जातं, आणि चुकून कुणी सेल्फ मारला की मीटरचा फ्यूज उडतो. क्लॅम्पमध्ये काहीच सोडावं लागत नाही. जबडा केबलजवळ नेऊन झीरो करायचा, मग निगेटिव्ह टर्मिनलवरून निघणाऱ्या सगळ्या वायरी एकत्र त्यात घ्यायच्या. एखादी बाहेर राहिली तर आकडा खोटा येतो. बॉनेट उघडंच ठेवायचं, पण त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करायचं, म्हणजे गाडीला ते बंद वाटतं. किल्ली लांब ठेवायची आणि अर्धा-पाऊण तास गाडीला हात लावायचा नाही. आतले कंट्रोल युनिट झोपी जायला तेवढा वेळ लागतो. घाई केली तर जागेपणीचाच करंट दिसतो आणि नसलेल्या दोषामागे दिवस जातो.

बंद गाडीचा करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चिंता नाही. आमच्या गाडीत चारशेच्या आसपास दिसत होते. हिशेब करा: ०.४ अँपिअर गुणिले २४ तास, म्हणजे दिवसाला साडेनऊ अँपिअर-अवर. ३५ची बॅटरी दोन दिवसांत निम्म्याच्या खाली. गाडी एक दिवसाआड का बसत होती, ते या एका गुणाकाराने उलगडलं.

पुढे फ्यूज काढत गेले. स्टिरिओचा फ्यूज काढला आणि आकडा वीस-तीसवर आला. नवा स्टिरिओ बसवताना फिटिंगवाल्याने त्याची पिवळी आणि लाल, दोन्ही वायरी कायम चालू लाइनवर जोडल्या होत्या. पिवळी मेमरीसाठी कायम चालू हवी, पण लाल किल्लीवर हवी. लाल हलवली, बॅटरी स्लो चार्ज केली, विषय संपला. नव्या गाड्यांत फ्यूज ओढला की झोपलेलं युनिट पुन्हा जागं होऊ शकतं. तिथे फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टोकांमध्ये मिलिव्होल्ट मोजायचे. काही आकडा आला तर त्या सर्किटमधून करंट वाहतोय.

व्होल्टेजचं कामही हाच मीटर करतो. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ला उतरलेली. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर वरवरचा चार्ज फसवतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा, मग मोजा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ आलं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, ठीक. स्मार्ट चार्जिंगच्या, म्हणजे गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करणाऱ्या गाड्यांत ते अधूनमधून खाली येतं, तो बिघाड नव्हे.

शेजारच्या काकांची डिझेल गाडी थंडीत फार जड सेल्फ घेत होती. निफाडच्या बाजूला राहणाऱ्यांना ही तक्रार नवी नाही, गारठ्यात बॅटरीची ताकद घटतेच. पण काकांची बॅटरी १२.६ दाखवत होती. मग मीटरचा एक प्रोब (मोजायची टोकदार वायर) निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरा इंजिनच्या कोऱ्या धातूवर ठेवून त्यांना सेल्फ मारायला सांगितलं. तिथे ०.२ व्होल्टच्या आत हवं, आलं एकच्या वर. बॅटरीचं निगेटिव्ह इंजिनला जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजून हिरवी पडली होती. ती सोडून पॉलिश पेपरने घासली, पुन्हा कसली आणि पेट्रोलियम जेली लावली. काका बॅटरीच्या दुकानात निघाले होते, ते घरीच थांबले. मला या मीटरचं सगळ्यात जास्त समाधान त्या सकाळी मिळालं.

उणिवा आहेत. छोटा करंट मोजताना झीरो सरकतो, जबड्याची दिशा बदलली तरी आकडा हलतो. म्हणून वीस-तीस मिलिअँपिअरच्या फरकावर मी निष्कर्ष काढत नाही. आपोआप बंद होण्याची सोय चांगली, पण पाऊण तासाच्या तपासणीत ती आड येते. माझ्या मीटरमध्ये एक बटण दाबून चालू केलं की ती रद्द होते, तुमच्यात कशी होते ते माहितीपत्रकात बघा. सोबत आलेले प्रोब लवकरच सैल झाले, वेगळे चांगले घ्यावे लागले. स्टार्टरचा पहिला झटका शेकडो अँपिअरचा असतो. तो पकडायला ‘इनरश’ची सोय लागते, ती यात नाही.

गाडी रोज चालते आणि काही तक्रार नाही, त्यांनी साध्या मल्टिमीटरवर भागवावं. जुनी गाडी, बाहेरून बसवलेला स्टिरिओ किंवा डॅशकॅम, आठवडाभर उभी राहणारी गाडी, यातलं काही असेल तर पुढची बॅटरी घेण्याआधी हा घ्या. इंजिन चालू असताना जबडा लावणार असाल तर ओढणी, बाही आणि मीटरची दोरी पंख्याच्या पट्ट्यापासून लांब ठेवा.