खलनायकाची कीर्द-खतावणी: काही महिने वापरून झाल्यावर

प्रेम आणि गुन्हा एकत्र गुंफलेल्या रहस्यकादंबरीत खलनायक लुळा पडतो, कारण लेखकाला तो समोर येतो तेवढाच माहीत असतो. मधल्या दिवसांत त्याने काय केलं याचा पत्ता नसतो. म्हणून त्याचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवायची ही पद्धत. एक पावसाळा आणि एक ऊसहंगाम वापरल्यावरचं मत: कथानकासाठी उत्तम, पात्राच्या बोलण्यासाठी निरुपयोगी.

२०० पानी फुलस्केप वही पुरते. पुढच्या अर्ध्यात कीर्द: तारीखवार त्याची प्रत्येक हालचाल, पुस्तकात येवो न येवो. रकाने चार: काय केलं, त्यासाठीची माहिती कुठून मिळाली, त्याला काय मोजावं लागलं, वाचकाला यातलं काय दिसलं. मागच्या अर्ध्यात खतावणी: माणसागणिक एक पान, त्या माणसाबद्दल याला काय ठाऊक आहे आणि काय चुकीचं वाटतंय. एकाआड एक ओळ कोरी सोडा, नंतर घुसडायला लागतंच.

खरी कमाई दुसऱ्या रकान्याची. समजा, कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातला गुळाचा अडत्या, गावभर ‘काका’. नायिकेच्या उसाच्या रानावर त्याचा डोळा. बनावट बक्षीसपत्रावर तो फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलायची नोंद, धरायला लावतो. नोटिशीनंतर हरकतीला १५ दिवस. नोटीस घरी येते तेव्हा ती पुण्यात, आणि पोच म्हणून सही होते रान सांभाळणाऱ्या नायकाची. एकाच कृत्यात हरकतीची मुदत निघून जाते आणि दोघांत संशय पडतो. या प्रकारच्या कथेत खलनायकाचं प्रत्येक मोठं पाऊल असं दोन्हीकडे पडायला हवं. नुसता गुन्हा पुढे नेणारी नोंद दिसली की ती बदला.

आता रकाना विचारतो: ती त्या दिवशी गावात नाही, हे काकाला कसं कळलं? तिनेच सांगितलं, गुळाच्या विक्रीची पट्टी (हिशेबाचा कागद) घ्यायला आली तेव्हा, काकाने चहा मागवला म्हणून. इथे खलनायक जिवंत होतो. त्याची माया खोटी ठरवायची गरज नाही, तिच्यातूनच त्याला बातमी मिळते. हा रकाना कोरा राहिला तर योगायोग उरतो, आणि वाचक तो पकडतोच.

तिसरा रकाना लोक टाळतात. मुदत टळली म्हणजे जमीन गेली असं नसतं, प्रांत अधिकाऱ्याकडे अपील आहे. मग त्या १५ दिवसांनी काकाच्या हातात नेमकं काय पडतं? नाव लागताच रान विकायचं ठरवून गिऱ्हाइकाकडून विसार घेऊन ठेवलाय, असं काही कीर्दीत हवं. आता अपील झालं तर घाई त्याला आहे, आणि घाईतला माणूसच चुका करतो.

तारखा मांडल्याने स्थळाच्या चुकाही सापडतात. शेवट पुरात घ्यायचा तर पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी धरा: इशारा ३९ फुटांवर, धोका ४३ फुटांवर. राधानगरी धरणाचे ७ स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात. खलनायकाने ते उघडायला लावले असं लिहिलंत तर इथला वाचक पुस्तक मिटेल. गुन्हा १ जुलै २०२४ किंवा त्यानंतरचा असेल तर भारतीय न्याय संहिता लागू: खुनाला कलम १०३, पाठलागाला ७८. पात्रांच्या तोंडी खुनाचं जुनं कलम ‘तीनशे दोन’ चालेल, एफआयआरमध्ये नाही.

तोटे आहेत. वही भरत गेली की खलनायक सर्वज्ञ होतो. साधारण दर तिसरी नोंद फसलेली ठेवा, आणि फसण्याचं कारण खतावणीतल्या ‘चुकीचं वाटतंय’मधूनच काढा. दुसरा तोटा शेवटी कळतो: एवढं जमवलेलं वाया कसं घालवायचं म्हणून तो बंदूक रोखून दोन पानं कबुली देत बसतो. नायिकेने आधीच ताडलेलं सगळं खोडा. दहा-बारा ओळी उरल्या तर पुष्कळ. संशयाचा धूर दुसऱ्यावर सोडायचा असेल तर त्या माणसालाही स्वतःचं, गुन्ह्याशी संबंध नसलेलं गुपित द्या. एवढ्यासाठी वेगळी कीर्द नको, अर्धं पान पुष्कळ.

बोलण्याचं मात्र वही काहीच करत नाही. त्यासाठी गुन्हा नसलेलं एक पान लिहावं लागतं: काका सौद्यात गुळाच्या ३० किलोच्या रव्याचा (ढेपेचा) भाव पाडतोय, समोरचा शेतकरी हसत हसत ‘राहू दे की’ म्हणतोय. ते पान पुस्तकात घेऊ नका.