अजगरासाठी हुक: टेलिस्कोपिक, २४ इंची की ४० इंची?

साप चावरा आहे म्हटलं की दुकानदार आधी जाड चामड्याचे हातमोजे काढून दाखवतो. ते घेऊ नका. मोज्यातून साप किती आवळतोय, कुठे सरकतोय ते हाताला कळत नाही, आणि मागे वळलेले दात चामड्यात अडकून तुटतात ते वेगळंच. पैसे हुकावर, म्हणजे टोकाला वाकडी तार असलेल्या दांड्यावर, घाला.

पण हुक म्हणजे साप उचलायची काठी, हा समज आधी काढून टाका. पाळीव अजगराच्या बाबतीत हुकाचं खरं काम आहे इशारा देणं. पेटीचं दार आठवड्यातून एकदा उंदरासाठीच उघडत असेल, तर दार उघडणं म्हणजे जेवण हे साप पक्कं धरून बसतो. त्यात बॉल पायथन, कार्पेट, रेटिक्युलेटेड या अजगराच्या (पायथनच्या) जातींच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात. समोर आलेला गरम हात त्याला भक्ष्यच वाटतो. (वोमा पायथनला या खाचा नसतात, तरी तो खाण्यावर तुटून पडतो, म्हणजे वासाचा वाटाही मोठा.) हुक थंड असतो आणि त्याला उंदराचा वास नसतो. त्याचा स्पर्श झाला की आज जेवण नाही, हे सापाला हळूहळू कळतं.

टेलिस्कोपिक, म्हणजे एकमेकींत सरकणाऱ्या नळ्यांचा, हुक खिशात मावतो, स्वस्तही असतो. छोट्या बॉल पायथनला किंवा कार्पेटच्या पिल्लाला (ही पिल्लं चावण्यासाठी बदनामच आहेत) नुसता स्पर्श करायला तो पुरतो. उचलायला मात्र नाही. वजन आलं की नळ्या एकमेकींत फिरतात, हुकाचं तोंड खाली वळतं आणि साप घसरतो. घसरणारा साप घाबरतो, आणि घाबरलेला चावतो.

२४ इंचीवर हात सापाच्या झेपेच्या आतच राहतो. दीड-दोन किलोच्या बॉल पायथनला चालेल, सहा-सात फुटी कार्पेटला नाही. कार्पेटसाठी आणि त्याहून मोठ्यांसाठी ४० इंची, रुंद तोंडाचा हुक घ्यावा. रुंदी महत्त्वाची, कारण अरुंद तारेवर जड साप लटकवला की सगळा भार दोन-चार बरगड्यांवर येतो. लांब दांड्याचा तोटाही आहे: दोन किलोचा साप हातापासून एक मीटरवर असेल, तर मनगटावर येणारा पीळ १० सेंटिमीटरवर धरलेल्या २० किलोंइतका होतो. म्हणून हुकाने फक्त पुढचा एक-तृतीयांश भाग तोलायचा आणि दुसऱ्या हाताने मागचं अंग खालून आधार देऊन घ्यायचं. आठ-दहा फुटांपुढच्या सापाला दुसरा माणूस हवाच, तिथे कोणताही हुक त्याची जागा घेत नाही.

घेताना दुकानातच दोन गोष्टी तपासा. टोकावरून जुनी ओढणी फिरवा. धागा अडकला तर ते टोक सापाच्या खवल्यांतही अडकणार. मग हुकाला दोन लिटरची भरलेली बाटली पिशवीत घालून मिनिटभर लटकवा. नुसत्या गोंदाने चिकटवलेला सांधा बहुधा इथेच फिरतो.

वापर असा. दार उघडा, हात बाहेर ठेवा. डोक्यामागे वीतभर अंतरावर, अंगाच्या बाजूने हुक हलकेच टेकवा, ठोकू नका. मान मागे घेतली आणि जीभ सावकाश बाहेर येऊ लागली, तर हात घाला, तोही डोक्यासमोरून नाही, मधल्या अंगाखालून. साप हुकाच्या मागे लागून त्यावरच झडप घालत असेल तर तो भुकेला आहे, दार लावा. मानेची नागमोडी घडी घालून फुसकारत असेल तर ती भीती आहे, आणि तिथे हुक काही करू शकत नाही. लपायला घट्ट जागा आहे का, पेटीतलं तापमान बरोबर आहे का, ते बघा. खाऊ घातल्यापासून किमान ४८ तास आणि कात टाकण्याआधी डोळे निळसर झाले असताना साप हाताळूच नका.

खाऊ घालण्याच्या दिवशी हुक पेटीत जाता कामा नये. उंदीर ३० सेंटिमीटर लांब चिमट्यानेच द्या. दोन्ही दिवशी हुक लागला तर इशाऱ्याला अर्थच उरत नाही.

भीतीने चावलेला साप बहुधा लगेच सोडतो. भुकेने चावलेला धरून ठेवतो आणि विळखा घालतो. अशा वेळी हुकाने जबडा उचकटू नका, हात ओढूही नका. दात मागे वळलेले असल्याने जखम फाटते. तोंडाच्या कडेला थोडं सॅनिटायझर लावा किंवा थंड पाणी सोडा आणि विळखा शेपटीकडून सोडवा. मग जखम साबणाने धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा.

हे सगळं कायदेशीररीत्या पाळलेल्या सापासाठी. आपल्याकडचा रानातला अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहे, तो घरात ठेवणं गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी जातीची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते.

रबरी मुठीत पाणी आणि वास दोन्ही मुरतात. म्हणून हुक दर वेळी साबणाने धुवून उभा वाळवा, आणि उंदरांच्या डब्याजवळ ठेवू नका.