बायनॅक्सनाऊ न्यूमोकॉकस कार्ड: लघवीवरून न्यूमोनियाचं निदान

ॲबटचं हे कार्ड न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकस या जंतूच्या पेशीभित्तीतलं सी-पॉलिसॅकराइड हे अँटिजेन (जंतूची ओळख पटवणारा घटक) लघवीत पकडतं. मशीन लागत नाही, उत्तर १५ मिनिटांत. त्याची खरी किंमत कळते ती रुग्ण आधीच अँटिबायोटिक घेऊन आलेला असताना. तेव्हा कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) बरेचदा कोरं येतं, अँटिजेन मात्र लघवीत उतरत राहतं.

नमुना खोलीच्या तापमानाला २४ तास टिकतो. त्याहून उशीर होणार असेल तर २ ते ८ अंशांवर ठेवावा आणि तपासण्याआधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. किटमधलाच स्वॅब लघवीत बुडवायचा, लोंबता थेंब डबीच्या कडेला टिपायचा. मग स्वॅब खालच्या छिद्रातून घालून टोक वरच्या छिद्रात पूर्ण दिसेपर्यंत सरकवायचा. बाटली उभी धरून खालच्या छिद्रात रीएजंट एचे ३ थेंब सुटे पाडायचे, चिकटपट्टीवरचा कागद काढायचा आणि कार्ड घट्ट मिटायचं. न्यूमोनिया करणाऱ्या लिजिओनेला या दुसऱ्या जंतूसाठीच्या याच कंपनीच्या कार्डाला मात्र २ थेंब लागतात. दोन्ही चाचण्या एकाच टेबलावर चालत असतील तर गल्लत व्हायची ती इथेच.

नमुन्याची रेघ फिकट असली तरी पॉझिटिव्हच. कंट्रोलची रेघ (चाचणी नीट चालली हे दाखवणारी) उमटली नाही तर कार्ड बाद, नवीन घ्या. तासाभराने पाहून दिलेला रिपोर्ट ग्राह्य धरू नये.

आता उणिवा. प्रौढांमध्ये संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती पकडले जातात ते प्रमाण) साधारण ७० ते ७५ टक्के, म्हणजे निगेटिव्ह आलं म्हणून न्यूमोकॉकस नाही असं म्हणता येत नाही. पॉझिटिव्हवर बराच विश्वास ठेवता येतो, पण लहान मुलांत नाही: आजार नसतानाही न्यूमोकॉकस त्यांच्या नाका-घशात मुक्काम ठोकून असतो आणि तेवढ्यानेही रेघ उमटते. न्यूमोकॉकसची लस घेतल्यावर पाच दिवस चाचणी टाळावी. जुना न्यूमोनिया बरा झाल्यावरही अँटिजेन काही आठवडे दिसू शकतं, म्हणून उपचार लागू पडले का हे पाहायला कार्ड वापरणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

कोणतं औषध चालेल हेही कार्ड सांगत नाही. त्यामुळे अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी ब्लड कल्चर पाठवणं शक्य असेल तर ते चुकवू नये. अमेरिकेतल्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही ही चाचणी सरसकट नको, गंभीर न्यूमोनियात करा, असंच सुचवतात. साध्या, घरी पाठवता येणाऱ्या रुग्णाला हा खर्च लावू नये. आयसीयूत मात्र कार्ड हाताशी असावं, शेजारी लिजिओनेलाचंही. फक्त लिजिओनेलाचं कार्ड त्या जंतूचा सेरोग्रुप १ हा एकच प्रकार ओळखतं.