एनपीएस: जमवताना चोख, काढताना काचणारी योजना

खासगी नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला निवृत्तीनंतरच्या उत्पन्नाची तजवीज स्वतःच करावी लागते. समभाग, कंपन्यांचे रोखे आणि सरकारी रोखे हे तिन्ही एकाच खात्यात ठेवून तीस वर्षे निर्धास्त राहण्याची सोय देणाऱ्या साधनांत राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एनपीएस, सर्वांत स्वस्त आहे. १ जानेवारी २००४ पासून ही योजना सैन्यदले वगळता केंद्र सरकारच्या नव्या कर्मचाऱ्यांना लागू झाली आणि १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली झाली. महाराष्ट्रात मात्र तिची ओळख रोषाच्या वाटेने झाली. १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन नाकारली गेली, अंशदानाची योजना त्यांच्या माथी आली आणि मार्च २०२३ मधला संप त्याच मुद्द्यावर झाला. हमखास पेन्शन जाऊन त्या जागी बाजाराशी जोडलेला निधी आला, तर राग येणे स्वाभाविकच होते. परंतु ज्याला हमखास पेन्शन कधी मिळणारच नव्हती, त्याने या योजनेकडे निराळ्या नजरेने पाहायला हवे, आणि हे परीक्षण अशाच वाचकासाठी आहे.

खाते उघडणे आता सोपे आहे. पॅन, आधार आणि बँक खात्याचे तपशील दिले की घरबसल्या बारा आकडी प्रान, म्हणजे कायमचा निवृत्ती खाते क्रमांक, मिळतो. बँकेत जाऊनही खाते उघडता येते, पण मी ज्या शाखेत चौकशी केली तिथल्या अधिकाऱ्याने एनपीएसचा अर्ज शोधण्याआधी विमा कंपनीच्या पेन्शन पॉलिसीचे रंगीत पत्रक पुढे सरकवले, आणि दोन्हींत फरक काय या प्रश्नाला ‘सारखंच आहे, हेच घ्या’ असे उत्तर दिले. दोन्ही सारखे मुळीच नाही. शिवाय बँकेमार्फत भरलेल्या प्रत्येक हप्त्यातून मध्यस्थाचे शुल्क कापले जाते. त्यापेक्षा डी-रेमिट ही सोय घ्यावी. तीत आपल्या नावे एक आभासी खाते क्रमांक मिळतो, नेट बँकिंगमधून त्यावर दरमहा स्थायी सूचना लावली की रक्कम थेट विश्वस्त बँकेत जाते आणि सकाळी वेळेत पोचल्यास त्याच दिवशीच्या भावाने युनिट मिळतात.

खर्च हा या योजनेचा सर्वांत भक्कम गुण आहे. पेन्शन निधी व्यवस्थापकाचे शुल्क त्याच्याकडील एकूण निधीच्या टप्प्यांनुसार ठरते आणि मार्च २०२६ पर्यंत ते वर्षाला ०.०३ ते ०.०९ टक्के इतकेच होते. तीस लाखांच्या शिलकीवर ०.०९ टक्क्याने वर्षाचे २,७०० रुपये होतात, तर वितरकामार्फत घेतलेल्या एखाद्या समभाग फंडाचा खर्च दीड टक्का धरला तर तो ४५,००० रुपये होतो. रक्कम पासबुकात वेगळी दिसत नाही, युनिटच्या भावातूनच वजा होते, म्हणून लोकांच्या डोळ्यांवर येत नाही. पण पंचवीस-तीस वर्षांत हा फरक चक्रवाढीने वाढत जातो आणि त्याची भरपाई व्यवस्थापकाच्या हुशारीतून होईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

खाते उघडताना एक प्रश्न येतो आणि बहुतेक जण तो घाईत उरकतात: पैसा कुठे किती ठेवायचा हे स्वतः ठरवणार, की वयानुसार आपोआप ठरू देणार? आपोआप पर्यायात एलसी-७५, एलसी-५० आणि एलसी-२५ असे जुने तीन मार्ग आहेत (एलसी म्हणजे लाइफ सायकल, पुढचा आकडा समभागांच्या कमाल टक्केवारीचा). त्यांतील मुळात ‘आक्रमक’ म्हणून ओळखल्या गेलेल्या एलसी-७५ मध्ये पस्तिसाव्या वर्षापर्यंत ७५ टक्के रक्कम समभागांत असते, पण नंतर हे प्रमाण इतक्या वेगाने उतरते की पंचेचाळिसाव्या वर्षी ते ३५ टक्क्यांवर आणि पंचावन्नाव्या वर्षी १५ टक्क्यांवर येते. गंमत अशी की २०२४ मध्ये ‘संतुलित’ अशा साध्या नावाने आलेल्या चौथ्या मार्गात पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत ५० टक्के आणि पंचावन्नाव्या वर्षी ३५ टक्के समभाग राहतात. म्हणजे ऐन मिळकतीच्या वयात संतुलित मार्ग आक्रमक मार्गापेक्षा अधिक धाडसी ठरतो. साठीनंतर आणखी वीस-पंचवीस वर्षे पुरवायचा पैसा पंचेचाळिशीतच रोख्यांत नेऊन ठेवणे मला पटत नाही, म्हणून आपोआप पर्याय घ्यायचाच असेल तर मी संतुलित मार्ग सुचवेन. ज्याला वर्षातून एकदा तासभर बसून हिशेब पाहण्याचा कंटाळा नाही, त्याने सक्रिय पर्याय घेऊन समभागांचे प्रमाण स्वतः ठरवावे. तिथे ही मर्यादा ७५ टक्क्यांची आहे.

मात्र या योजनेचा माझ्या मते सर्वांत मोलाचा गुण परताव्याच्या तक्त्यांत दिसत नाही. समजा, एखाद्याचे २० लाख रुपये ६०:४० या प्रमाणात समभाग आणि रोख्यांत आहेत. २०२० च्या जानेवारीत ४२,००० च्या वर गेलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६,००० च्या खाली बंद झाला. ती ३८ टक्क्यांची घसरण धरली, तर त्याचे १२ लाखांचे समभाग ७.४४ लाखांवर येतात, रोखे ८ लाखांवरच राहतात आणि समभागांचा वाटा ६० वरून ४८ टक्क्यांवर घसरतो. मूळ प्रमाण परत आणायचे तर अशा भेदरलेल्या दिवसांत रोखे विकून १.८२ लाखांचे समभाग घ्यावे लागतात. म्युच्युअल फंडांत हे करताना प्रत्येक विक्रीवर कराचा विचार येतो: समभाग फंडांवर वर्षाला सव्वा लाखाच्या वरील दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के, आणि एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या रोखे फंडांच्या नफ्यावर आपल्या उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे. एनपीएसच्या आत मात्र एका प्रकारातून दुसऱ्यात रक्कम नेताना कर लागत नाही. नवे प्रमाण नोंदवले की जमा असलेली सारी रक्कम त्यानुसार वाटली जाते आणि वर्षातून चार वेळा हे करता येते. आपोआप पर्यायात तर दर वाढदिवसाला हा फेरसमतोल खातेदाराला न विचारताच होतो. पडत्या बाजारात समभाग घेण्याचे धैर्य अंगी आणण्यापेक्षा ते काम यंत्रणेवर सोपवणे बहुतेकांना झेपते.

रोखे म्हणजे सुरक्षित, ही समजूतही इथे थोडी घासून घ्यावी. २०१८ मध्ये पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या आयएल अँड एफएस समूहाने देणी थकवली तेव्हा पेन्शन निधींचाही पैसा त्या रोख्यांत अडकला होता, आणि ते रोखे घेतले तेव्हा त्यांना पतमापन संस्थांनी उत्तम दर्जा दिलेला होता. सरकारी रोख्यांत पैसा बुडण्याची भीती नाही, पण निधीत दीर्घ मुदतीचे रोखे असल्याने व्याजदर चढले की भाव उतरतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, तेव्हा सरकारी रोख्यांचा पर्याय निवडलेल्या अनेकांना विवरणपत्रातला घसरलेला आकडा पाहून आश्चर्य वाटले. तीन वर्षांत लागणारा पैसा तिथे ठेवलेला नसेल, तर याने बिघडत काही नाही.

प्रमाण ठरवताना होणारी गफलत मला अधिक महत्त्वाची वाटते. लोक एनपीएसचे खाते सुटे घेऊन पाहतात आणि ‘७५ टक्के समभाग’ वाचून धास्तावतात. ज्या नोकरदाराच्या भविष्य निर्वाह निधीत ३० लाख आणि एनपीएसमध्ये १० लाख आहेत, त्याने एनपीएसमध्ये ७५ टक्के समभाग ठेवले तरी ४० लाखांपैकी साडेसात लाखच, म्हणजे १९ टक्क्यांहून कमी रक्कम बाजाराच्या चढउताराला थेट सामोरी जाते. भविष्य निर्वाह निधी आणि ७.१ टक्के व्याजाचा पीपीएफ हाच त्याचा रोख्यांचा कप्पा आहे. उलट ज्या व्यावसायिकाला भविष्य निर्वाह निधीच नाही, त्याने तोच ७५ टक्क्यांचा आकडा डोळे झाकून उचलू नये. घर, सोने, ठेवी आणि निधी यांची एका कागदावर बेरीज केल्याशिवाय हे प्रमाण ठरवणे व्यर्थ आहे.

विविधतेच्या बाबतीत योजना जिथे कमी पडते तेही सांगितले पाहिजे. तिचा समभागांचा पैसा भारतातच आणि मुख्यतः मोठ्या कंपन्यांत राहतो. परदेशी बाजार जवळजवळ नाहीच, आणि सोन्या-चांदीच्या ईटीएफला, म्हणजे शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडांना, अलीकडे मर्यादित वाट मिळाली आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बिगरसरकारी खातेदारांना एकाच प्रानखाली अनेक योजना घेण्याची आणि त्यांत १०० टक्के समभागांपर्यंत जाण्याची मुभा मिळाली. पण नव्या योजनांचे शुल्क जुन्यांहून जास्त असू शकते, त्यामुळे निवडण्यापूर्वी शुल्काची ओळ वाचावी. परदेशी समभाग हवे असतील तर वेगळा इंडेक्स फंड घ्यावा आणि सोने हवे असेल तर तेही बाहेर ठेवावे. ‘टीअर टू’ या ऐच्छिक खात्याविषयी एवढेच: सामान्य खातेदाराला त्यात करसवलत नाही आणि काढताना होणाऱ्या करआकारणीबाबत पुरेशी स्पष्टता नाही, म्हणून मी ते वापरत नाही.

करसवलतीसाठी एनपीएस घेणाऱ्यांनी आपली करप्रणाली आधी पाहावी. पीपीएफसारख्या बचतींवरील वजावटीच्या दीड लाखांच्या मर्यादेबाहेरची ५०,००० रुपयांची प्रसिद्ध वजावट जुन्या प्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत कर्मचाऱ्याने स्वतः भरलेल्या रकमेवर काही मिळत नाही. मात्र मालकाने भरलेल्या हिश्शावर मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत वजावट मिळते, आणि पगाराची रचना बदलून देण्याची विनंती मनुष्यबळ विभागाकडे करण्याइतका हा लाभ निश्चितच मोठा आहे. नव्या प्रणालीत असूनही दर मार्चमध्ये सवयीने ५०,००० रुपये भरणारे लोक मी पाहतो. त्यांचा पैसा वाया जात नाही, पण ज्या कारणासाठी ते भरतात ते कारण आता उरलेले नाही.

आता काढण्याची बाजू. साठीपूर्वी पूर्ण बाहेर पडायचे तर साधारणपणे मोठ्या शिलकीतली केवळ २० टक्के रक्कम हाती येते आणि ८० टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन आयुष्यभर ठरावीक पेन्शन देणारी विमा कंपनीची योजना, घ्यावी लागते. मुलांचे शिक्षण, लग्न, घर, गंभीर आजार अशा ठरावीक कारणांसाठी स्वतःच्या अंशदानाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. त्यावरचा परतावा त्या हिशेबात धरत नाहीत. नोकरी सुटण्याची भीती असणाऱ्याने म्हणूनच सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या ठेवीत ठेवल्यावरच इथे हप्ता सुरू करावा.

साठीनंतर एकूण शिलकीच्या किमान ४० टक्क्यांची ॲन्युइटी विमा कंपनीकडून घेण्याची सक्ती हे कित्येक वर्षे या योजनेचे सर्वांत मोठे वैगुण्य होते. डिसेंबर २०२५ मधील नियमबदलाने बिगरसरकारी खातेदारांसाठी ती २० टक्क्यांवर आणली आणि शिल्लक ८ लाखांपर्यंत असल्यास सारी रक्कम काढण्याची मुभा दिली. फरक किती पडतो ते पाहा. एक कोटीच्या शिलकीवर पूर्वी ४० लाखांची ॲन्युइटी घ्यावी लागे. साडेसहा टक्के दर धरला तर तिच्यातून महिन्याला सुमारे २१,६०० रुपये मिळत, ते आयुष्यभर तेवढेच राहत आणि त्यावर दरवर्षी प्राप्तिकर लागे. महागाई सहा टक्क्यांनी वाढत गेली, तर बाराव्या वर्षी त्या रकमेची खरेदीशक्ती निम्मी होते. म्हणजे बहात्तराव्या वर्षी, औषधांचा खर्च वाढत असताना, हाती येतात ते जवळपास १०,८०० रुपयांच्या मोलाचे. आता सक्ती २० लाखांपुरती उरल्याने हे नुकसान अर्धे झाले आहे, संपलेले नाही. एकरकमी काढता येणारी मर्यादा ८० टक्के झाली असली तरी करमाफीची मूळ तरतूद ६० टक्क्यांच्या हिशेबाने केलेली आहे, त्यामुळे वरच्या २० टक्क्यांवर कर लागतो का हे अर्ज भरण्यापूर्वी कर सल्लागाराकडून तपासून घ्यावे. सरकारी कर्मचाऱ्यांना ४० टक्क्यांची अट अजूनही आहे.

ॲन्युइटी घ्यायचीच असेल तर तीत आयुष्यभर पेन्शन, आपल्यानंतर जोडीदाराला तेवढीच पेन्शन आणि शेवटी मूळ रक्कम वारसांना परत, हा पर्याय बहुतेक घरांत मागितला जातो आणि त्याचा दर साहजिकच कमी असतो. मूळ रक्कम परत न करणारा पर्याय घेतला तर दर महिन्याची रक्कम वाढते. मुले स्वतःच्या पायावर उभी असतील तर त्यांच्यासाठी म्हणून स्वतःच्या उतारवयातली पेन्शन का कमी करून घ्यावी, हे मला समजत नाही. कंपन्यांचे दर एकमेकांशी ताडून पाहण्याची सोय एनपीएस खात्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर आहे. शिवाय साठ पूर्ण झाले म्हणून त्याच वर्षी ॲन्युइटी घेतलीच पाहिजे असे नाही. खाते पुढे चालू ठेवता येते, आणि एकरकमी मिळणारा हिस्सा २०२३ पासून मासिक, तिमाही, सहामाही किंवा वार्षिक हप्त्यांनी काढता येतो, तोवर उरलेला पैसा त्याच स्वस्त निधीत वाढत राहतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवून घरखर्च भागत असेल, तर एनपीएसचे हे हप्ते आणि ॲन्युइटीची खरेदी दोन्ही पुढे ढकलावीत, कारण वय वाढेल तसा ॲन्युइटीचा दरही साधारणपणे वाढत जातो.