घरी केलेलं तिरंदाजीचं सामान: आठ महिन्यांत काय टिकलं, काय काढून ठेवलं

माझं धनुष्य 66 इंची रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, आहे. लिंबवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यावर) छापलेला जोर, म्हणजे खेचायला लागणारी ताकद, 28 पाउंड. नेम धरायची साइट लावत नाही, तोल साधायचा दांडा म्हणजे स्टॅबिलायझर नाही. सराव बहुतेक 18 मीटरवर, 40 सेंटिमीटरच्या टार्गेटवर. आठ महिन्यांत या धनुष्यातून नऊ-साडेनऊ हजार बाण सुटले असतील. रायझर (धनुष्याचा मधला, मुठीचा भाग), लिंब आणि शाफ्ट (बाणाच्या दांड्या) विकतचे आहेत. बाकी जवळजवळ सगळं मी घरी करून पाहिलं: स्ट्रिंग (धनुष्याची दोरी), सर्व्हिंग म्हणजे स्ट्रिंगवरचा संरक्षक धागा गुंडाळायचं यंत्र, गुण्या, टॅब (खेचणाऱ्या बोटांवरचं चामडं), पिसं चिकटवायचा साचा, पुठ्ठ्याचं टार्गेट, स्ट्रिंगर (स्ट्रिंग चढवायची दोरी), वजनं.

माझं मत आधीच सांगते. मोजायच्या वस्तू घरी उत्तम होतात, कधीकधी विकतच्यापेक्षा आपल्या हाताला जास्त सोयीच्या. ताण झेलणाऱ्या वस्तूंपैकी मात्र एकच, स्ट्रिंग, मी आज बिनधास्त घरची वापरते, आणि तिच्यावर भरवसा बसायलाही तीन स्ट्रिंगा खर्ची पडल्या.

सुरुवात गुण्यापासून करा असं मी प्रत्येकाला सांगेन. जुन्या, वाकलेल्या नव्हे पण लांबीला छोट्या पडलेल्या शाफ्टला नॉक (मागच्या टोकाची, स्ट्रिंगला अडकणारी खाच) तसाच ठेवला आणि त्यावर काटकोनात पातळ स्टीलची पट्टी बांधून गोंदाने पक्की केली. नॉक स्ट्रिंगला अडकवायचा, शाफ्ट रेस्टवर (धनुष्यावर बाण टेकतो तिथे) टेकवायचा, की पट्टी स्ट्रिंगला समांतर उभी राहते आणि नॉकिंग पॉइंट, म्हणजे स्ट्रिंगवर बाण अडकवायची जागा, काटकोनाच्या किती वर आहे ते मिलिमीटरमध्ये वाचता येतं. शाफ्टवरच इंचाच्या खुणा केल्या, त्यामुळे ब्रेस हाइटही, म्हणजे न खेचलेल्या स्ट्रिंगचं ग्रिपपासूनचं अंतर, त्यानेच मोजते. दुसऱ्या एका जुन्या बाणावर अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या खुणा करून मैत्रिणीला शेजारी उभं केलं आणि माझी खेच मोजून घेतली. नॉकच्या खाचेपासून ग्रिपच्या सर्वांत खोल जागेपर्यंतचं अंतर आणि त्यात पावणेदोन इंच, हा त्याचा ठरलेला हिशोब. माझी साडेसव्वीस इंच भरली. लिंबवरचा आकडा 28 इंच खेचेचा असतो, त्यामुळे प्रवासी बॅगा तोलायच्या डिजिटल काट्यावर माझ्या खेचेला जोर 25 पाउंडाच्या आसपास निघाला. बाण निवडताना हाच आकडा धरायचा असतो, छापलेला नव्हे. मी पहिली सहा शाफ्ट छापील आकडा धरून घेतली होती आणि ती माझ्या धनुष्याला कडक पडली, म्हणजे सुटताना पुरेशी वाकेनात: बिनपिसांचा बाण सतत डावीकडे जायचा. (मी उजव्या हाताने खेचते. डावखुऱ्यांसाठी दिशा उलटी.)

आता स्ट्रिंग. तिच्यासाठी केलेला साचा म्हणजे एक जाड लाकडी दांडा आणि त्याच्या दोन टोकांना फिरणारे आडवे हात. प्रत्येक हातावर दोन खुंट्या. हात दांड्याच्या रेषेत ठेवून चारही खुंट्यांभोवती धागा फिरवायचा, मग हात आडवे वळवून टोकाच्या कड्यांना सर्व्हिंग करायचं. वाचायला सोपं आहे. पहिल्या खेपेला माझा दांडा मऊ लाकडाचा होता. धाग्याचे पदर वाढत गेले तसा तो न दिसेल इतका वाकत गेला, म्हणजे पहिले पदर सैल आणि शेवटचे ताठ राहिले. ती स्ट्रिंग चढवली तेव्हा छान दिसत होती. दोनशे बाणांत ब्रेस हाइट अर्धा इंच खाली आली, आणि मग रोज थोडी थोडी. ताण मोजक्या पदरांवर येत होता, ते ताणले की पुढच्यांवर. दुसऱ्या खेपेला दुप्पट जाडीचा कठीण दांडा घेतला आणि धागा फिरवताना स्पूलवर एकसारखा हलका ताण ठेवला. फरक लगेच कळला.

लांबीचा हिशोब असा, की धनुष्याच्या लांबीतून साधारण 3 इंच वजा केले की ताणलेल्या स्ट्रिंगची लांबी मिळते. माझ्या 66 इंचीला 63 ठीक बसली. बारीक फरक पिळाने साधायचा: पीळ वाढवला की स्ट्रिंग आखूड होते आणि ब्रेस हाइट वाढते, सोडवला की उलट. वीसेक पीळ असले की स्ट्रिंग गोल राहते. फारच कमी पीळ असेल तर पदर चपटे पसरतात, आणि फार दिला तर ती स्प्रिंगसारखी ताणते. लांबी चुकली म्हणून पन्नास पीळ देऊन वेळ मारून नेऊ नका, मी ते केलं आहे आणि तो आठवडा वाया गेला. माझं धनुष्य साडेआठ इंचांना सर्वांत शांत वाजतं. हे शोधायला आठ इंचांपासून सुरुवात करून दर वेळी तीन-चार पीळ वाढवत गेले आणि प्रत्येक टप्प्यावर बारा बाण सोडून नुसतं ऐकलं.

धागा कुठला, हे धनुष्य पाहून ठरवा. डेक्रॉन ताणतो, त्यामुळे लिंबच्या टोकांना धक्का कमी बसतो. टोकं मजबूत केलेली नसतील अशा जुन्या लाकडी धनुष्यांना तोच लावावा. माझ्या लिंबची टोकं डायनीमा जातीच्या न ताणणाऱ्या धाग्यासाठी केलेली आहेत. पहिल्या दोन स्ट्रिंगा डेक्रॉनच्या 12 पदरी केल्या, कारण शिकताना तो चुका पोटात घालतो, तिसरी डायनीमाची. बाणाला वेग जास्त मिळतो हे खरं, पण मला आवडलं ते वेगळंच: ब्रेस हाइट सकाळी जी असते तीच संध्याकाळी असते.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त त्रास दिला तो मधल्या सर्व्हिंगने. सर्व्हिंग गुंडाळायला मी स्पूल, लांब बोल्ट, ॲल्युमिनियमची यू आकाराची पट्टी आणि विंग नट यांचं छोटं यंत्र केलं. विंग नट आवळला की स्पूल जड फिरतो आणि धागा घट्ट बसतो. दुसऱ्या स्ट्रिंगवर मी तो पुरेसा आवळला नाही. तिसऱ्या महिन्यात बाण खाली लागायला लागले. आधी एक रिंग, मग दीड. मला वाटलं, माझा डावा खांदा वर चढतोय. आरशासमोर उभी राहिले, व्हिडिओ काढले, अँकर (खेचलेला हात चेहऱ्याला टेकतो ती जागा) बदलून पाहिला. दोन आठवडे स्वतःला सुधारत राहिले आणि गुण उतरत राहिले. शेवटी बिनपिसांचे दोन बाण सोडले तर ते पिसवाल्यांच्याही खाली. ही नॉकिंग पॉइंट वर असल्याची खूण. गुण्या लावला: 8 मिलिमीटरवर बांधलेला नॉकिंग पॉइंट 11 मिलिमीटरवर होता. माझं एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली असतात. खालची दोन बोटं प्रत्येक खेचीला अख्खं सर्व्हिंग केसभर वर ढकलत होती.

त्या दिवसापासून सरावाच्या सुरुवातीला गुण्या लावल्याशिवाय मी पहिला बाण सोडत नाही. वीस सेकंद लागतात. आणि सर्व्हिंग करताना विंग नट इतका आवळते की यंत्र फिरवायला जोर लागावा. झाल्यावर अंगठा आणि तर्जनीत धरून वर-खाली सरकवून पाहायचं. जराही हललं तर काढून पुन्हा.

नॉकिंग पॉइंटला पितळी कडी लावत नाही. डेंटल फ्लॉस किंवा सर्व्हिंगचाच धागा घेऊन एक अर्धी गाठ पुढून, एक मागून, अशा सात-आठ गाठी मारते. बाणाच्या वर एक आणि खाली एक. दोन्हींच्या मध्ये नॉक अगदी चेपून बसू देऊ नका. पूर्ण खेचीला स्ट्रिंगचा कोन टोकदार होतो आणि नॉक चिमटला जातो, म्हणून मिलिमीटरभर मोकळीक ठेवा. ट्यूनिंग पूर्ण होईपर्यंत गाठी नुसत्या घट्ट असाव्यात म्हणजे फिरवून सरकवता येतात, मग सुपर ग्लूचा एक थेंब. नॉक स्ट्रिंगवर किती घट्ट बसतो हेही तपासा: बाण अडकवून खाली लोंबू द्या, स्ट्रिंगवर बोटाने टिचकी मारा. टिचकीने सुटला तर बरोबर, आपोआप पडला तर सर्व्हिंग बारीक आहे, दोन टिचक्यांनाही सुटला नाही तर जाड. मेण मात्र सर्व्हिंग सोडून उरलेल्या स्ट्रिंगला लावायचं, आणि चामड्याच्या तुकड्याने धागा कोमट होईपर्यंत चोळायचं.

टॅब मी तीन केले. पहिलं चामडं इतकं ताठ होतं की बोटांना स्ट्रिंग जाणवेना. दुसऱ्याला गुळगुळीत चामडं बाहेरून आणि आत फेल्टचा थर घेतला, वरच्या दोन बोटांमध्ये रबराचा ठोकळा शिवला म्हणजे नॉक चिमटत नाही. हा चांगला निघाला. पण चामड्यावर स्ट्रिंगची खाच पडत जाते आणि हजारेक बाणांनंतर सुटका बदलते. ती इतकी हळू बदलते की आपल्याला कळत नाही. त्यामुळे आता एकाच चामड्यातून, एकाच पुठ्ठ्याच्या नमुन्यावर, जोडीने दोन कापते आणि दुसरा रोज दहा-बारा बाणांपुरता वापरून मऊ करून ठेवते.

पिसं चिकटवायच्या लाकडी साच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. 120 अंशांच्या तीन खाचा कोनमापकाने आखल्या, अर्ध्या अंशाच्या चुकीने काही बिघडलं नाही. शाफ्ट अल्कोहोलने पुसून मग हात लावू नका, डाव्या आणि उजव्या पंखाची पिसं एका बाणावर मिसळू नका, आणि पिसाच्या पुढच्या टोकावर गोंदाचा एक थेंब जास्त द्या.

त्याहून कितीतरी मोठा फायदा एका मार्करने झाला. बाराही बाणांवर आकडे घातले आणि कागदावर टार्गेट काढून प्रत्येक फेरीनंतर कोणता बाण कुठे लागला ते टिपलं. पहिल्या दोनशे बाणांत काही दिसलं नाही. चारशेच्या पुढे गेल्यावर 4 आणि 9 हे जवळजवळ नेहमी डाव्या कडेला दिसू लागले. 9 चा नॉक बदलला, तो गटात आला. 4 चं काही केल्या जमेना, म्हणून दागिने तोलायच्या काट्यावर सगळे ठेवले: बाकीचे एकमेकांपासून 0.2 ग्रॅमच्या आत, तो एकटा 0.9 ग्रॅमने हलका. तिरंदाज वजन ग्रेनमध्ये मोजतात आणि 1 ग्रॅम म्हणजे 15.4 ग्रेन, म्हणजे फरक जवळपास 14 ग्रेनचा. तो आता फक्त जवळच्या सरावाला. ही वही नसती तर ते डावे बाण मी माझ्याच सुटकेच्या नावावर लिहिले असते.

पुठ्ठ्याचं टार्गेट अजून उभं आहे. पुठ्ठ्याच्या 30 सेंटिमीटर रुंद पट्ट्या एकावर एक, कडा समोर येतील अशा रचायच्या. वर-खाली फळ्या, दोन्ही बाजूंना आटे पाडलेले गज आणि नट आवळून दाबायचं. बाण थरांच्या मधे शिरतो आणि घर्षणाने थांबतो. माझे निम्म्याच्या आसपास जाऊन थांबतात. फोमसारखं शाफ्टला वितळून चिकटणं इथे होत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी नट आवळावे लागतात आणि मधले थर कडेला, कडेचे मध्ये असे बदलावे लागतात. ओल मात्र याचा शत्रू. एकदा रात्रभर उघडं राहिलं, त्या भागातून दुसऱ्या दिवशी बाण आरपार गेला. मागे जाड सतरंजी खालून मोकळी लोंबत सोडली होती म्हणून तो तिच्यात अडकला. ताणून बांधलेली असती तर थांबला नसता. बाण काढताना एक हात टार्गेटवर शाफ्टला चिकटून दाबायचा, दुसऱ्या हातात रबरी चटईचा तुकडा, आणि मागे कोणी उभं नाही ना हे पाहून सरळ ओढायचं.

आता जे काढून ठेवलं. स्ट्रिंगर घरचा केला होता, नायलॉनची दोरी आणि चामड्याचे दोन खिसे. महिनाभर चालला, मग एके दिवशी वरचा खिसा लिंबवरून सरकला आणि लिंब गुडघ्यावर आदळलं. लिंब वाचलं, गुडघा आठवडाभर सुजला. आता विकतचा. ॲल्युमिनियमच्या नळीचा स्टॅबिलायझरही काढला. दर तीस-चाळीस बाणांनी तो सैल व्हायचा आणि रायझरच्या 5/16-24 आट्यांची मला काळजी वाटायला लागली. तसाही मी बेअरबो (साइट न लावता खेळायचा प्रकार) खेळते, त्यात स्टॅबिलायझर चालत नाही. त्याऐवजी स्टीलच्या जाड वॉशरांची चळत, मध्ये रबराची चकती आणि त्याच आट्यांचा बोल्ट, असं वजन रायझरच्या खालच्या बाजूला घट्ट बसवलं. हे मात्र सुरेख जमलं, सुटकेनंतर धनुष्य हातात उसळत नाही. नियमाप्रमाणे स्ट्रिंग उतरवलेलं बेअरबो 12.2 सेंटिमीटर व्यासाच्या कड्यातून जावं लागतं, म्हणून प्लायवूडमध्ये तेवढं भोक पाडून ठेवलं आहे. वॉशर वाढवला की आधी त्यातून काढून पाहते.

कार्बनचे बाण सोडण्याआधी दोन्ही हातांत धरून हलकेच वाकवा आणि कानाशी ऐका. करकर ऐकू आली किंवा बोटाला चीर लागली की तो बाण मोडून टाका, बाजूला ठेवू नका, कारण बाजूला ठेवलेला बाण कधीतरी पुन्हा भात्यात येतो. आणि घरची स्ट्रिंग तपासण्याच्या उत्साहात बाण न लावता खेचून सोडू नका. बाणाला जायची सगळी ताकद लिंबमध्येच परत जाते.

पहिल्या महिन्यात 30 बाणांच्या फेरीला माझे 300 पैकी 170 च्या आसपास व्हायचे, आता 215 च्या खाली क्वचित येतात. त्यातलं किती सामानाचं आणि किती रोजच्या सरावाचं, हे वेगळं काढता येत नाही. रोज सहा वेळा पूर्ण खेचून 30 सेकंद धरायचं आणि मध्ये मिनिटभर विश्रांती, हा व्यायामही याच काळात चालू होता.

सध्या साच्यावर चौथी स्ट्रिंग आहे. तिसरीसारखीच, तेवढेच पदर, तेवढेच पीळ. सर्व्हिंग झालं की तिच्यावर शंभर-दीडशे बाण सोडून तिला बसू देईन, गुण्याने नॉकिंग पॉइंट 8 मिलिमीटरला बांधीन, आणि पिळांची संख्या व ब्रेस हाइट लिहिलेल्या चिठ्ठीसकट धनुष्याच्या पिशवीत ठेवीन. उतरवताना दोन्ही कड्या एका दोऱ्याने एकत्र बांधायच्या, नाहीतर पिशवीत पीळ सुटतो आणि मोजलेलं सगळं फुकट जातं.