उर्दूभाषक विद्यार्थ्यांसाठी नैतिक तर्काची चाचणी : तीन साधनांचा तुलनात्मक आढावा

लाहोर, कराची किंवा इस्लामाबादच्या विद्यापीठात नैतिक विकासावर प्रबंध हाती घेणाऱ्या संशोधकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो साधनाचा. माणसाचा नैतिक विचार खालच्या पातळीवरून वरच्या पातळीकडे टप्प्याटप्प्याने विकसित होतो, असे मांडणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोहलबर्ग यांची मूळ मुलाखत पद्धत बहुतेकांना बाजूलाच ठेवावी लागते. एकेका विद्यार्थ्याची मुलाखत घ्यायची, ती शब्दशः उतरवून काढायची आणि १९८७ साली दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या गुणांकन-पुस्तिकेबरहुकूम तपासायची, हे काम प्रशिक्षित परीक्षकांवाचून होत नाही. मग उरतात तीन लेखी चाचण्या : जेम्स रेस्ट यांची ‘डिफायनिंग इश्यूज टेस्ट’, गेऑर्ग लिंड यांची ‘मॉरल कॉम्पिटन्स टेस्ट’ आणि जॉन गिब्ज व सहकाऱ्यांची ‘सोशिओमॉरल रिफ्लेक्शन मेजर’. तिन्हींचे मूळ कोहलबर्ग यांच्याच विचारात असले, तरी उर्दूत आणताना प्रत्येकीची अडचण वेगळी आहे, आणि निवड करताना चाचणीच्या ख्यातीपेक्षा ही अडचण अधिक बारकाईने पाहावी, असे माझे मत आहे.

रेस्ट यांच्या चाचणीची १९९९ सालची दुसरी आवृत्ती पाच पेचप्रसंगांची आहे. प्रत्येक प्रसंगाखाली बारा विधाने असतात; विद्यार्थ्याने त्यांचे महत्त्व ठरवायचे आणि सर्वांत महत्त्वाची चार क्रमाने निवडायची. या विधानांत काही मुद्दाम पोकळ ठेवलेली असतात : भारदस्त वाटतात, पण त्यांतून अर्थ काही निघत नाही. अशी विधाने वारंवार निवडणाऱ्याची उत्तरपत्रिका बाद केली जाते. खरी पंचाईत इथे आहे. चांगला भाषांतरकार निरर्थक वाक्यातही नकळत अर्थ भरतो. त्यातून उर्दूची फारसीप्रचुर शैली इतकी डौलदार, की पोकळ वाक्य मुळापेक्षाही वजनदार भासू लागते. उलट भाषांतराने, म्हणजे उर्दू मजकूर पुन्हा इंग्रजीत आणून मुळाशी ताडून पाहिल्याने, हा दोष उघड होईलच असे नाही, कारण इंग्रजीत परतताना ते वाक्य मूळ वाक्याच्या बरेच जवळ येऊ शकते. पहिल्याच प्रसंगात उत्तर भारतातील दुष्काळग्रस्त खेड्यातला, उपाशी कुटुंबासाठी धान्य चोरावे का अशा पेचात पडलेला नायक ‘मुश्ताक सिंग’ नावाचा आहे. अमेरिकी वाचकाला यात काही खटकणार नाही. लाहोरचा विद्यार्थी मात्र धान्याच्या चोरीचा विचार करण्याआधी या नावापाशीच अडखळेल. नाव बदलावेच लागेल, आणि ते बदलल्याची नोंद प्रबंधात करावी लागेल.

याच चाचणीवरचा दुसरा आक्षेप जुना आहे. १९८३ साली एमलर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना जहाल डाव्या विचाराच्या माणसाच्या भूमिकेतून उत्तरे द्यायला सांगितले, तेव्हा त्यांचे गुण, म्हणजे चाचणीने मोजलेली नैतिक तर्काची पातळी, वाढले. म्हणजे गुणांवर राजकीय मताची छाया पडते, अशी शंका राहते. धार्मिक वातावरणात वाढलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत ही शंका किरकोळ म्हणता येणार नाही.

लिंड यांच्या चाचणीत दोनच प्रसंग आहेत. व्यवस्थापन आपले बोलणे चोरून ऐकत असल्याच्या संशयावरून कामगार पुरावा मिळवण्यासाठी कार्यालयात घुसतात, हा एक. आणि असाध्य कर्करोगाने पिडलेल्या रुग्ण स्त्रीच्या विनंतीवरून डॉक्टर तिचे आयुष्य संपवतो, हा दुसरा. प्रत्येक प्रसंगी कोहलबर्ग यांच्या वेगवेगळ्या पातळ्यांवरचे सहा युक्तिवाद बाजूने आणि सहा विरुद्ध दिलेले असतात व प्रत्येकाला उणे चार ते अधिक चार असे गुण द्यायचे असतात. विद्यार्थी कोणत्या बाजूचा आहे, हे येथे मोजले जात नाही. आपल्या मताविरुद्धचा युक्तिवादही तो त्याच्या दर्जावरून तोलतो का, हे शून्य ते शंभर यांमधील सी-गुणांकातून दिसते. त्यामुळे वर सांगितलेला आक्षेप इथे बराच बोथट होतो.

तरीही डॉक्टरचा प्रसंग जपून हाताळावा लागतो. ज्या समाजात या प्रश्नावर धर्मसत्तेचे उत्तर आधीच ठरलेले असते, तिथे या प्रसंगावरचा सी-गुणांक कामगारांच्या प्रसंगापेक्षा खाली येतो, असे लॅटिन अमेरिकेतील अभ्यासांत आढळले आहे. पाकिस्तानी विद्यार्थ्यांतही हेच दिसणे शक्य आहे. म्हणून दोन्ही प्रसंगांचे गुणांक स्वतंत्र मांडावेत. मार्गदर्शक बहुधा क्रॉनबाख अल्फा (चाचणीतील प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत हे सांगणारा आकडा) मागतील, परंतु लिंड यांच्या मते तो निकष या चाचणीला लागूच होत नाही. नव्या भाषेतील आवृत्ती पारखताना उच्च पातळीच्या युक्तिवादांना अधिक पसंती मिळते का, शेजारच्या पातळ्यांचे सहसंबंध दूरच्या पातळ्यांपेक्षा बळकट आहेत का, आणि सी-गुणांक वाढतो तशी खालच्या पातळ्यांबद्दलची नापसंती वाढते का, हे पाहावे. आणखी एक गोष्ट छपाईची : उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे धावतो आणि आकडे मात्र डावीकडून उजवीकडे लिहिले जातात, त्यामुळे उणे चिन्ह आकड्याच्या भलत्याच बाजूला जाऊन बसते. मापनपट्टीच्या दोन्ही टोकांना ‘पूर्णपणे अमान्य’ आणि ‘पूर्णपणे मान्य’ अशा अर्थाचे उर्दू शब्द छापलेले बरे.

गिब्ज यांचे १९९२ सालचे साधन भाषांतराला सर्वांत सोपे आहे. त्यात पेचप्रसंग नाहीतच; वचन पाळणे, खरे बोलणे, आईवडिलांना मदत करणे, जीव वाचवणे, कायदा पाळणे अशा विषयांवरचे अकरा छोटे प्रश्न आहेत, आणि ही गोष्ट किती महत्त्वाची व का, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहायचे असते. २००७ साली गिब्ज व सहकाऱ्यांनी २३ देशांतील अभ्यासांचा आढावा घेतला, त्याचा आधार हेच साधन होते. भाषांतरात वाचलेले श्रम मात्र गुणांकनात खर्ची पडतात. ‘अल्लाहचा हुकूम आहे म्हणून’ अशी उत्तरे येणारच. तिथे विद्यार्थी केवळ शिक्षेच्या भीतीने बोलतो की त्यामागे माणसांविषयीची जबाबदारी आहे, हे पुढच्या वाक्यांवरून ताडावे लागते. उर्दू सहज वाचणारे दोन परीक्षक आणि आधीच ठरवलेले नियम यांशिवाय हे साधन वापरू नये.

शालेय विद्यार्थ्यांसाठी मी गिब्ज यांचे साधन निवडेन आणि विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी लिंड यांचे. रेस्ट यांची चाचणी वैद्यक किंवा लेखाशास्त्राच्या विद्यार्थ्यांची अमेरिकेतील प्रकाशित निष्कर्षांशी थेट तुलना करायची असेल तरच घ्यावी.

निवड कोणतीही असो, ‘उर्दूभाषक’ कोण, हे आधी ठरवावे. पाकिस्तानच्या २०१७ च्या जनगणनेत उर्दू मातृभाषा नोंदवणारे सुमारे सात टक्केच होते. बाकीचे बहुतेक विद्यार्थी घरी पंजाबी, पश्तो किंवा सिंधी बोलतात आणि उर्दू शाळेत शिकतात. मालेगाव किंवा भिवंडीच्या उर्दू माध्यमाच्या शाळांतील मुलांसाठी पाकिस्तानात तयार झालेली आवृत्ती जशीच्या तशी वापरणे म्हणूनच धोक्याचे आहे. पथदर्शी चाचणीत दहा-बारा विद्यार्थ्यांना प्रत्येक विधान मोठ्याने वाचायला लावून त्याचा अर्थ त्यांच्याच बोलीत विचारावा, आणि घरची भाषा कोणती, हा प्रश्न माहितीपत्रकात घालावा.